डब्याआधी रक्त तपासा
भरती अकादम्यांतल्या सरांना आणि मॅडमना खुलं पत्र

सर, मॅडम,



पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी तुमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पहाटे साडेचारला ग्राउंडवर हजर राहा म्हणालात की ती राहतात. तेलकट बंद म्हणालात की घरच्या लग्नातसुद्धा भज्यांना हात लावत नाहीत. आईवडिलांनी दहा वेळा सांगून जे होत नाही, ते तुमच्या एका वाक्यानं होतं. म्हणून हे पत्र डबे विकणाऱ्यांना न लिहिता मी तुम्हाला लिहिते आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे. सोळाशे आणि आठशे मीटरची तयारी करणारी मुलंमुली माझ्याकडे येतात. अलीकडे त्यांच्या बॅगेत व्हे प्रोटीनच्या जोडीला आणखी एक डबा दिसतो, प्रीबायोटिकचा. पांढरी, किंचित गोड पावडर. हिच्यामुळे आतडी मजबूत होतात, खाल्लेलं सगळं शोषलं जातं, प्रोटीन वाया जात नाही, असं त्यांना सांगितलेलं असतं. मुलं विचारतात, "मॅडम, ग्राउंडवर सगळेच घेतात, मी किती चमचे घेऊ?" चमच्यांचा हिशेब मी सांगू शकते. पण त्याआधी ज्या गोष्टी व्हायला हव्यात त्या माझ्या टेबलावर होत नाहीत. त्या तुमच्या ग्राउंडवर आणि तुमच्या मेसमध्ये होतात.

माझं म्हणणं आधीच सांगते. या मुलांच्या अंगी अन्न लागत नसेल, तर पावडर मिळत नाही म्हणून लागत नाही असं सहसा नसतं. रक्तात लोह कमी असतं, ताटात कॅल्शियम कमी असतं, आणि ग्राउंड, चहा, जेवण यांच्या वेळा एकमेकींच्या आड येत असतात. प्रीबायोटिकला त्याची जागा आहे, पण ती या सगळ्यानंतरची आहे, आणि लहान आहे.

प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक यांत मुलांची गल्लत होते, म्हणून थोडक्यात सांगते. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जंतू. प्रीबायोटिक म्हणजे आतड्यातल्या अशा जंतूंचं अन्न: इन्युलिन, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड अशी कर्बोदकं. ही कल्पना १९९५ साली गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या संशोधकांनी मांडली. आपले पाचकरस ही कर्बोदकं तोडू शकत नाहीत. पोट आणि लहान आतडं ओलांडून ती जवळपास जशीच्या तशी मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जंतू ती आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट हेच आहे. आतड्याच्या आरोग्यासाठी ही गोष्ट खरोखर मोलाची आहे आणि ती मी कमी लेखत नाही.

आता प्रोटीनच्या दाव्याकडे या. अंड्यातलं, डाळीतलं, व्हेमधलं प्रोटीन पचतं आणि शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्यात. प्रीबायोटिकचं काम सुरू होतं त्याच्या पुढच्या टप्प्यावर. जे काम आधीच उरकलेलं आहे ते ही पावडर नव्यानं कसं करणार? काही ठरावीक प्रोबायोटिक जंतूंबरोबर वनस्पतीजन्य प्रोटीन दिल्यावर अमिनो आम्लांचं शोषण वाढल्याचे प्रयोग आहेत, पण ते जंतू वेगळे आणि ही पावडर वेगळी. व्हेचा खर्च वसूल व्हावा म्हणून कुणी प्रीबायोटिक घेत असेल, तर त्याला थांबवा.

खनिजांची गोष्ट मात्र निराळी आहे. जंतूंनी आंबवल्यामुळे मोठ्या आतड्यातली आम्लता वाढते, कॅल्शियम विरघळलेल्या रूपात राहतं आणि लहान आतड्यातून सुटलेलं थोडं कॅल्शियम तिथे शोषलं जातं. याचा पुरावा चांगला आहे. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये वयात येणाऱ्या मुलामुलींवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांना वर्षभर रोज ८ ग्रॅम इन्युलिन जातीची कर्बोदकं दिली होती. न घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचं कॅल्शियमचं शोषण वर्षाअखेर सुमारे ६ टक्के गुणांनी जास्त होतं, आणि हाडांत खनिजंही जास्त भरली होती.

पण हा आकडा आपल्या मुलींच्या ताटाशेजारी ठेवून बघा. एखादी मुलगी दिवसभरात ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम खात असेल, तर ६ टक्क्यांच्या हिशेबानं तिला पावडरीमुळे जादा मिळणार २४ मिलिग्रॅम. त्याऐवजी तिनं २०० मिलिलिटर दूध घेतलं तर त्यात २४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि त्यातलं तीस टक्के शोषलं गेलं तरी ७० मिलिग्रॅमच्या वर तिच्या अंगी लागतं. शोषणाची टक्केवारी वाढवण्याचा फायदा ज्याच्या ताटात मुळात पुरेसं आहे त्यालाच दिसतो. दूध चालत नसेल तर ताक किंवा दही आहे, नाचणीची भाकरी आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि नाचणीला मोड आणून घेतले तर ते अधिक शोषलं जातं.

हे मी इतकं ताणून सांगते ते शिन पेनमुळे. नडगी दुखते म्हणून किती मुली ऐन तयारीत ग्राउंड सोडून बसतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. ते दुखणं काही वेळा नुसत्या स्नायूचं नसतं, हाडाला गेलेली बारीक भेग असते. अमेरिकी नौदलात नव्यानं भरती झालेल्या ५,२०१ स्त्रियांवर झालेली एक चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणात एका गटाला रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं. त्या गटात अशा भेगांचं प्रमाण २० टक्क्यांनी कमी राहिलं. ही तुमच्याच मुलींसारखी, अचानक धावायला लागलेली, गणवेशाच्या नोकरीसाठी झटणारी माणसं होती. तेवढ्या गोळ्या आपण आपल्या मनानं द्याव्यात असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं आहे. पण हाडं टिकवायची असतील तर आधी कॅल्शियमच कमी पडू द्यायचं नाही, एवढं यातून स्पष्ट होतं.

आता लोहाकडे येते. मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ती इथे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशभरातलं प्रमाण ५७ टक्के होतं. याचा अर्थ तुमच्यासमोर आठशे मीटरसाठी उभ्या असलेल्या मुलींपैकी निम्म्या मुली कमी रक्तावर धावत असण्याची शक्यता आहे. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जी मुलगी मागे पडते, जिला आपण "दम नाही", "मन लावत नाही" म्हणतो, तिचं हिमोग्लोबिन ९ असू शकतं. तिला ओरडून वेग येणार नाही आणि प्रीबायोटिकनंही येणार नाही.

धावण्यानंच लोहाची गरज आणखी वाढते. पाय जमिनीवर आपटताना काही तांबड्या पेशी फुटतात, थोडं लोह घामातून जातं, मुलींचं पाळीतून जातं. अमेरिकी लष्करात मूलभूत प्रशिक्षण घेणाऱ्या स्त्री सैनिकांमध्ये प्रशिक्षणाच्या काही आठवड्यांतच लोहाची पातळी घसरते, असं तिथल्या संशोधकांनी दाखवलं आहे. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत लोहाची गोळी घेणाऱ्यांमध्ये ही घसरण कमी झाली. ज्यांना आधीपासून रक्तक्षय होता, त्यांची धावण्याची वेळही सुधारली. मार्क वाढवायचे म्हणून जे जे विकलं जातं, त्यापैकी फारच थोड्या गोष्टींच्या मागे इतका सरळ पुरावा असतो.

मग प्रीबायोटिक लोहाला मदत करतं की नाही? प्रामाणिक उत्तर असं की कोणतं, आणि कशाबरोबर, यावर ते अवलंबून आहे. झ्युरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या स्त्रियांना चार आठवडे रोज २० ग्रॅम इन्युलिन दिलं. जंतूंमध्ये बदल झाला, आम्लता बदलली, पण लोहाचं शोषण वाढलं नाही. हे निष्कर्ष २०१२ चे. पुढे २०१९ मध्ये तिथल्याच संशोधकांनी अशाच स्त्रियांना फेरस फ्युमरेट या लोहाच्या क्षाराबरोबर १५ ग्रॅम गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड दिलं, तेव्हा शोषण स्पष्टपणे वाढलं. लोहाच्या सगळ्या क्षारांत मात्र हा परिणाम सारखा दिसला नाही. म्हणजे डब्यावर नुसतं 'प्रीबायोटिक' लिहिलेलं असेल तर लोहाच्या दृष्टीनं त्यातून काहीच कळत नाही. बाजारातल्या पुष्कळ पावडरी इन्युलिनच्या असतात, आणि इन्युलिनची बाजू इथे लंगडी आहे.

त्यापेक्षा वेळेचा विचार करा. कडक व्यायामानंतर यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं. व्यायाम संपल्यावर तीन ते सहा तासांत ते सर्वांत जास्त असतं, आणि ते वाढलं की आतड्यातून रक्ताकडे जाणारी लोहाची वाट बंद होऊ लागते. म्हणजे सकाळी सहा वाजता इंटरव्हल रनिंग संपवून मुलीनं फक्त चहा-बिस्कीट घेतलं आणि पालेभाजी, उसळ, लोहाची गोळी हे सगळं साडेदहाच्या जेवणात घेतलं, तर तिनं नेमकी चुकीची वेळ धरली. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना असं आढळलं की सकाळच्या व्यायामानंतर अर्ध्या तासात घेतलेलं लोह दुपारच्या व्यायामानंतरच्या लोहापेक्षा चांगलं शोषलं जातं. तेव्हा ग्राउंड सुटल्या सुटल्या, हेप्सिडिन चढायच्या आत, पहिला सकस घास पोटात जाऊ द्या. मोड आलेली मटकी, त्यावर लिंबू पिळलेलं. किंवा भिजवलेले हरभरे आणि एखादा आवळा, पेरू किंवा संत्रं. लिंबू गॅसवरून उतरवल्यावर पिळा, शिजवताना क जीवनसत्त्व जातं. अंडं खाणाऱ्यांनी अंडंही घ्यावं, पण ते प्रोटीनसाठी; लोहासाठी त्याच्यावर विसंबू नये.

आणि चहा. ग्राउंडच्या बाहेरच्या टपरीवर सगळे जमतात, तो दिवसातला सुखाचा क्षण असतो, हे मला समजतं. चहा बंद करा असं मी म्हणत नाही. पण जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातल्या वनस्पतीजन्य लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. खाणं आणि चहा यांत एक तास सोडला तरी बरंच नुकसान टळतं. टपरीचा चहा एक तास पुढे ढकलण्यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.

तुमच्या मेसमधलं जेवण पाहिलं की मला एक गोष्ट नेहमी वाटते. आपण ज्याला गरिबाचं जेवण म्हणून कमी लेखतो, तिथे प्रीबायोटिक आधीच आहे. कांदा आणि लसूण इन्युलिनचे चांगले स्रोत आहेत. गव्हात त्याचं प्रमाण कमी, पण पोळ्या आपण भरपूर खातो. १९९९ साली अमेरिकेतल्या आहाराचा अंदाज काढला तेव्हा तिथला माणूस रोज सरासरी अडीच ग्रॅमच्या आसपास इन्युलिन खातो असं निघालं, आणि त्यातला मोठा वाटा गव्हातूनच आलेला होता. हरभरा, मटकी, तूर, मसूर यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज असतात, गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइडच्या कुळातले. भात शिजवून गार केला की त्यातल्या पिष्टाचा थोडा भाग असा बदलतो की तो पचत नाही, तोही जंतूंच्या कामी येतो. चार पोळ्या, कच्चा कांदा, लसणाची चटणी आणि वाटीभर उसळ खाणाऱ्या मुलाच्या मोठ्या आतड्यात रोज बऱ्यापैकी प्रीबायोटिक पोहोचतं. डाळी-कडधान्यांतलं फायटेट लोह अडवून धरतं हे खरं, पण भिजवून मोड आणल्यानं आणि आंबवल्यानं ते घटतं. मोडाची उसळ आणि आंबील ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांना हे वेगळं शिकवायला नको.

उलट मला भीती वाटते ती वेगळ्याच मुलांची. भरतीच्या तयारीत शिरल्यावर काही जण उसळ-कांदा बंद करतात, कारण 'गॅस होतो', आणि ब्रेड, अंडी, चिकन, व्हे यांवर राहतात. काही दिवसांत पोट साफ होत नाही, मग ते प्रीबायोटिक विकत आणतात. ज्यामुळे गॅस होतो म्हणून ताटातून काढलं, तेच डब्यातून पैसे देऊन परत घेतलं जातं. अशा मुलाला पुन्हा उसळीवर आणा. आधी दोन चमचे, मग अर्धी वाटी, असं दोन-तीन आठवड्यांत. आतड्यातले जंतू जुळवून घेतात.

तरी पावडरीचा उपयोग कुणालाच नाही असं नाही. जिला काही कारणानं कडधान्यं चालत नाहीत, ज्याचं बद्धकोष्ठ आहाराने सुटत नाही, त्यांना ती चालेल. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं चिकोरीच्या मुळापासून काढलेल्या इन्युलिनबद्दल २०१५ मध्ये एक दावा मान्य केला, तो शौचाच्या नियमिततेबद्दलचा, आणि तोही रोज १२ ग्रॅम घेतल्यावरचा. सुरुवात मात्र दोन-तीन ग्रॅमपासून करावी आणि हळूहळू वाढवावं. डब्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, घटकांची नावं आणि प्रत्येकाचं वजन असल्याशिवाय घेऊ नये. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' एवढंच लिहिलं असेल तर तो डबा परत करा. जी मुलं पुढे राज्यपातळीवर धावणार आहेत त्यांच्यासाठी हे आणखी महत्त्वाचं आहे. जर्मनीतल्या कोलोन इथल्या प्रयोगशाळेनं २००० च्या सुमारास विविध देशांतून आणलेली ६३४ पूरकं तपासली, तेव्हा ९४ पूरकांत लेबलावर न लिहिलेली, स्टेरॉइडच्या कुळातली द्रव्यं सापडली होती. आणि खेळाडूच्या शरीरात प्रतिबंधित द्रव्य सापडलं तर ते डब्यातून आलं की आणखी कुठून, याची जबाबदारी त्याच्यावरच येते.

एक गोष्ट मात्र मी अगदी ठामपणे सांगते: शारीरिक चाचणीच्या आदल्या दिवशी आणि चाचणीच्या सकाळी ही पावडर नको. जोरात धावताना रक्त पायांच्या स्नायूंकडे वळतं आणि आतड्यांचा रक्तपुरवठा खूप घटतो. त्याच वेळी आतड्यात आंबवणं चालू असेल, वायू तयार होत असेल, तर पोटात कळ, पेटके, शौचाची घाई, सगळं होतं. वर्षभर केलेली मेहनत त्या काही मिनिटांत जाते. 'आज ताकद लागणार' म्हणून डबल चमचा घेणारी मुलं असतात, त्यांना आधीच सावध करा. आदल्या संध्याकाळपासून कांदा, उसळ, कोबी कमी करून मऊ भात, पोळी, बटाटा, आणि सकाळी रोज जे पचतं तेच. नवं काहीही त्या दिवशी नको.

आता माझी विनंती. नवी बॅच सुरू होईल तेव्हा प्रवेशाच्या कागदांबरोबर हिमोग्लोबिनचा अहवाल मागा. ते जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासून मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार मुलींत १२ च्या खाली आणि मुलांत १३ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. हिमोग्लोबिन बरं असूनही मुलगी लवकर थकत असेल, तर डॉक्टरांना विचारून फेरिटिन करून घ्या, त्यातून साठ्याचं लोह कळतं. हा एकदाचा खर्च आहे, डब्याचा दर महिन्याचा असतो. लोहाची गोळी अहवालाशिवाय कुणालाही देऊ नका. गरज नसताना लोह घेणं अपायकारक ठरू शकतं. डॉक्टरांनी दिलीच, तर रोज की एक दिवसाआड, हेही त्यांनाच विचारा. लोह कमी असलेल्या स्त्रियांवरच्या अभ्यासात एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह अधिक प्रमाणात शोषलं गेल्याचं दिसलं आहे, कारण गोळीनंतरही हेप्सिडिन वाढतं.

अहवाल कमी आलेल्या मुलीला दवाखान्यात एकटीला पाठवू नका. अकादमीतल्या मॅडमनी बरोबर जावं. पाळीत रक्तस्राव किती होतो, पाळी नियमित येते का, की तयारी सुरू झाल्यापासून थांबली आहे, हे प्रश्न डॉक्टर विचारतील, आणि मुली ते सरांसमोर किंवा वडिलांसमोर सांगत नाहीत. पाळी थांबली असेल तर ती पुरेसं जेवत नाही अशी शक्यता असते. अशा वेळी तिच्या धावण्याचं वेळापत्रक आणि मेसमधलं ताट दोन्ही बदलावी लागतील, आणि त्या महिन्यात तिचं टायमिंग थोडं मागे पडलं तरी तिला बॅचमधून कमी करू नये, एवढं तुम्ही माझ्यासाठी करा.

आपली,
एक आहारतज्ज्ञ